संगणकातील अक्षर आणि मराठीचा तास

शालेय अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञानास स्थान असावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात संगणकीय आज्ञावली-लेखनाचे उपक्रमही सुचविले आहेत. विचारार्ह आहे तो प्रश्न निराळाच : या शिक्षणातील कोणता भाग कोणत्या विषयाच्या शिक्षकाने शिकवावा? संगणकास गणित-विज्ञानाच्या पंक्तीस बसविले की भाषाशिक्षक त्यापासून अलिप्त राहतो. आणि ही अलिप्तता मराठीस परवडणारी नाही.

संगणकात मराठी मजकूर साठविला जातो तो देवनागरीच्या एका विशिष्ट विश्लेषणानुसार. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतावलीतील देवनागरीचा विभाग १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावलीवर आधारलेला असून, तीत चिन्हांचा क्रम दृश्य आकाराचा नसून उच्चाराचा आहे. ‘कि’मधील वेलांटी डावीकडे दिसते, पण तिची नोंद व्यंजनानंतर होते, जुन्या टंकलेखनयंत्रावर तीच कळ आधी दाबावी लागे. ‘ज्ञ’चा उच्चार मराठी भाषक ‘द्न्य’ असा करतो, संगणक मात्र ज, हलन्तचिन्ह आणि ञ अशी तीन चिन्हे मोजतो. लेखनाचा प्राचीन इतिहास यंत्राने असा जपावा, हे मौजेचेच म्हटले पाहिजे.

खरी अडचण उद्भवते ती रकाराच्या जोडाक्षरांत. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, हा भेद मराठी लेखन कटाक्षाने पाळते. यांपैकी दुसऱ्या रूपातील अर्धा रकार संगणकात दोन प्रकारे नोंदविता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साधा र आणि हलन्त यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. परंतु शोध घेणारी आज्ञावली केवळ चिन्हांची मालिका ताडून पाहणारी असेल, तर तिच्या लेखी ते दोन भिन्न शब्द ठरतात. कोशात असलेला शब्द कोशात नाही, असे उत्तर विद्यार्थ्यास मिळते. आणि आपलेच शुद्धलेखन चुकले, असा समज करून घेऊन तो बरोबर लिहिलेला शब्द बदलतो.

हे त्यास समजावून देण्यास केवळ कळफलकाची माहिती पुरत नाही. जोडाक्षर म्हणजे काय, हे जाणणारा शिक्षक लागतो. प्रत्येकापुढे यंत्र असण्याचीही आवश्यकता नाही. व्याकरणाच्या तासास ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द फळ्यावर लिहून, त्यांतील चिन्हे उच्चारक्रमाने सुटी करावयास लावली, तरी आरंभ होतो.