गळवाल्यांना हक्काचे दुकान हवे

पांझरेला पावसाळ्यातले पहिले मोठे पाणी येऊन गेले आणि गढूळपणा जरा निवळला, की धुळ्यात नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. बांबूची काठी, तिला बांधलेला तंगूस, थर्माकोलचा बोया, शिशाचा बारका तुकडा आणि गळाला टोचलेले गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढाच सरंजाम. कोणी दुकान मुलाच्या हवाली करून आलेला असतो, कोणी रात्रपाळी संपवून. मासा लागला तर घरी कालवण. नाही लागला तरी फारसे कोणी कुरकुरत नाही. तापीकाठी मुडावद, सारंगखेडा, प्रकाशा, किंवा वरच्या अंगाला हतनूर आणि चांगदेव, या पट्ट्यात कुठेही असे लोक भेटतात.

त्यांच्याकडे माहितीचा मोठा साठा असतो. मरळ पाणगवताच्या कडेला दबा धरून असते, तिला जिवंत हालचाल लागते. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात; दोघांनाही पेंडीचा वास ओढून आणतो. वाम अंधार पडल्यावर बाहेर निघते. चिलापी मात्र दिसेल त्याला तोंड लावते. कोणत्या डोहात किती पाणी उरले, कुठे वाळू उपसल्यामुळे खड्डा पडला, यंदा कोणता मासा दिसेनासा झाला, हेही त्यांना पाठ असते. पण हे सगळे ज्ञान माणसाबरोबर काठावर बसते आणि माणसाबरोबरच उठून जाते. गळ आणि तंगूस आठवडे बाजारात दोरी-जाळी विकणाऱ्याकडून घेतला जातो. हल्ली तरुण मुले फायबरचा रॉड आणि रील मोबाइलवरून मागवतात. सामान घरपोच येते; नदीची ओळख असलेला माणूस मात्र त्यासोबत येत नाही.

हौशी मासेमारीचा इतिहास चाळला तर ही माहिती गोळा करण्याचे आणि पुढे पोहोचवण्याचे काम सामानाच्या दुकानांनी केलेले दिसते. फ्लाय फिशिंगची दुकाने हा त्याचा सर्वांत चांगला नमुना.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे असते. ते वजन लांब फेकले जाते आणि तंगूस त्याच्यामागे जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणून पिसे, केस आणि दोरा यांपासून बनवलेली नकली माशी असते. तिला वजन जवळपास नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून इथे वजन दोरीला दिलेले असते. जाड, आवरण असलेली ही दोरी लवचीक काठीने मागे-पुढे झुलवायची. ती हवेत चाबकासारखी उलगडत जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. दोरीच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून तिला क्रमांक मिळतो. पाच नंबरची दोरी या लांबीत साधारण 9 ग्रॅम भरते, आठ नंबरची साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठीही त्याच नंबरची लागते. ट्राउटसाठी पाच नंबर पुरतो, महाशीरसारख्या दांडग्या माशासाठी आठ किंवा त्याहून वरचा. नंबर जुळले नाहीत तर नवशिक्याची दोरी पुढे जात नाही आणि तो दोष स्वतःला देत राहतो.

दुकानात काम करणाऱ्याची कसोटी इथूनच सुरू होते. गिऱ्हाईक कुठल्या पाण्यावर जाणार, कोणता मासा त्याच्या मनात आहे, हे विचारून तो काठी काढून देतो. रीलवर आधी राखीव दोरी, तिला मुख्य दोरी, तिला निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, अशा गाठी तो स्वतः मारून देतो, कारण मासा निसटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशी. मागच्या अंगणात नेऊन फेक शिकवतो. या आठवड्यात नदीवर कोणते कीटक निघाले आहेत आणि म्हणून कोणती माशी चालेल, हे त्याला माहीत असावे लागते. ते त्याला कसे कळते? कालच नदीवर जाऊन आलेले लोक आज त्याच्यासमोर उभे असतात. दिवसभर त्यांचे ऐकणे हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे.

अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या मँचेस्टर गावी चार्ल्स ऑर्व्हिस यांनी 1856 मध्ये असे दुकान काढले. 1874 मध्ये त्यांनी भोके पाडलेल्या अरुंद चाकाच्या रीलचे पेटंट घेतले; भोकांमुळे ओली दोरी लवकर वाळे. पण या दुकानाची खरी कमाई त्यांच्या लेकीने करून ठेवली. मेरी ऑर्व्हिस मार्बरी दुकानाचा माश्या बांधण्याचा विभाग सांभाळत. एकाच माशीला दहा गावांत दहा नावे, त्यामुळे मागणी एकीची आणि माल दुसरीचा, असा घोळ होई. मेरी यांनी देशभरातल्या गळवाल्यांना पत्रे पाठवली: तुमच्या पाण्यात कोणती माशी चालते, कधी चालते? आलेली उत्तरे आणि रंगीत चित्रे एकत्र करून 1892 मध्ये त्यांनी जाडजूड ग्रंथ छापला. देशभर विखुरलेले अनुभव एका दुकानाने असे कागदावर आणले.

माशी बांधणे हे काम जवळून पाहण्यासारखे असते. टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या शिकंज्यात गळ अडकवायचा. मेण लावलेल्या बारीक दोऱ्याचे वेढे त्याच्या दांडीवर गच्च घालायचे. शेपटीला पिसाचे तीन-चार तंतू. अंगासाठी सशाची लव बोटांनी दोऱ्यावरच वळायची आणि तो जाडसर दोरा गुंडाळत पुढे यायचे. मग कोंबड्याच्या मानेचे लांबट पीस गळाभोवती फिरवले की त्याचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. त्यांच्या आधाराने माशी पाण्यावर तरंगते. शेवटी डोक्यापाशी गाठ आणि त्यावर वार्निशचा एक थेंब. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड यांनी ब्रोरा गावाजवळच्या छोट्या घरात आयुष्यभर हेच काम केले. त्यांच्या माश्यांसाठी गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत, आणि 1971 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना पदकही दिले. स्वतः मात्र त्यांनी मासेमारी केली नाही.

या पिसांशी आपल्या डोंगरांचाही संबंध आहे. सातपुड्यापासून केरळपर्यंतच्या जंगलात राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चकाकणारे पिवळट ठिपके असतात. सामन माशासाठीच्या माश्यांना डोळे म्हणून हीच पिसे लागत, आणि त्यांच्यासाठी इथून कातडी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यालाही संरक्षण दिले. आता परदेशातले कारागीर पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात. हौस कोणत्या थराला जाऊ शकते तेही इथे सांगायला हवे. जून 2009 मध्ये एडविन रिस्ट नावाच्या तरुणाने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्ग संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतली काही दीडशे वर्षांपूर्वी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेली होती. चोरी कशासाठी? जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणाऱ्यांना पिसे विकण्यासाठी. विज्ञानाचे झालेले हे नुकसान भरून येणारे नाही.

गळाचा छंद साहेबाने आणला, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. ते खरे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला काय खाऊ घालायचे, काठी आणि दोरी कशी असावी, असा सगळा तपशील राजाने नोंदवला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजांच्या काळात हेन्री सुलिव्हन थॉमस यांच्या 1873 च्या ‘द रॉड इन इंडिया’ने महाशीरला गळवाल्यांच्या जगात मानाचे स्थान मिळवून दिले. पण त्याआधीच, 1839 मध्ये, कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन केले होते. दख्खनचा महाशीर म्हणून आज जो ओळखला जातो, तो हाच.

महाराष्ट्रात गळवाल्यांनी एकत्र येऊन पाणी सांभाळल्याचे ठळक उदाहरण मुंबईत आहे. पवई तलाव 1891 चा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. पुढे त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. तलावाच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था आहे. तिचे सभासद तलावात मत्स्यबीज सोडतात, ठरलेल्या नियमांनी गळ टाकतात, आणि सांडपाणी, जलपर्णी किंवा चोरटी जाळी यांविषयी पहिला आवाज उठवतात. महानगराच्या मधोमध असूनही या तलावात आजही मगरी आहेत. रोज पाण्याकडे पाहत बसणारा माणूस पाण्याचा उत्तम राखणदार होतो, हे पवईने दाखवून दिले आहे.

दुसरे उदाहरण लोणावळ्याजवळच्या वळवणचे. टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात तिथे महाशीरची पैदास सुरू केली आणि पुढे लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात सोडली गेली. दख्खनचा महाशीर आज आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याबाहेर मानला जातो. या कामाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून चालणार नाही. हा मासा कावेरीतही सोडण्यात आला. तिथे मूळचा वेगळा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. तो ओसरत गेला आणि त्याची जागा बाहेरून आलेल्याने घेतली. 2018 मध्ये या कुबडाच्या महाशीरची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. ही घसरण लक्षात यायला कावेरीवरच्या गळवाल्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी कामी आल्या.

खानदेशाने यातून नेमके हेच उचलावे. कोणीतरी कुठूनतरी पिल्ले आणून तापीत सोडली म्हणजे नदी सुधारत नाही. आधी नदीत काय आहे ते माहीत हवे. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तापीवर 1972 मध्ये गुजरातेत उकाई धरण उभे राहिले. वर हतनूरचे 41 दरवाजे, मध्ये सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे. गिरणेतून वाळू उपसली जाते, पांझरा पावसाळा सरला की आटते. अशा नदीत वर चढणाऱ्या माशांचे काय झाले, याची नोंद तिच्या काठावर रोज बसणाऱ्यांनी ठेवली नाही तर कोण ठेवणार? उत्तरेला अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या हद्दीवरून नर्मदा जाते. तिथला महाशीर मध्य प्रदेशाने राज्यमासा ठरवला आहे.

श्रद्धेनेही मासे जपले जातात. देहूला इंद्रायणीच्या डोहात किंवा महाडजवळ वाळण कोंडीला देवाचे मासे म्हणून महाशीर राखले गेले. पण देवाचा डोह म्हणजे नदीचा एक तुकडा. वरून घाण पाणी आले की तिथलेही मासे मरतात.

म्हणून धुळ्यात, जळगावात किंवा भुसावळात कोणी गळाच्या सामानाचे दुकान काढण्याच्या विचारात असेल, तर त्याने ते जरूर काढावे. फ्लायच्या काठ्या पहिल्या दिवशी ठेवल्या नाहीत तरी चालेल. बांबू, तंगूस आणि चांगल्या प्रतीचे गळ पुरेत. मात्र गल्ल्याशेजारी एक वही असावी. येणाऱ्या प्रत्येकाने तीत तारीख, जागा, मासा आणि अंदाजे वजन लिहावे. भोई आणि भिल्ल मंडळींचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे; त्यांना या वहीत पहिले पान मिळावे. गळाचे उलटे टोक पकडीने दाबून टाकले तर मासा फारशी इजा न होता सोडता येतो, हे तिथे दाखवले जावे. धरणांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी घेऊनच गळ टाकावा, हेही गिऱ्हाइकाला सांगितले जावे.

आणि दुकान निघेपर्यंत थांबायची गरज नाही. आषाढ-श्रावणात अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली तर ती परत पाण्यात सोडावी. बोटभर पिल्ले घरी नेऊ नयेत. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात आणि असा तंगूस त्यांच्या पायांत अडकतो. तो गुंडाळून खिशात ठेवावा आणि घरच्या कचऱ्यात टाकावा.