गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथल्या डॉसन सिटी या सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर एक रस्ता उत्तरेकडे फुटतो आणि सुमारे ७४० किलोमीटर जाऊन इनुविक या गावी पोचतो. हा डेम्पस्टर हायवे. त्याचे काम १९५९ साली सुरू झाले आणि १९७९ साली तो वाहतुकीला खुला झाला. २०१७ पासून इनुविकच्या पुढे तुक्तोयाक्तुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत जाता येते. दर उन्हाळ्यात मोटरसायकलवर सामान बांधून लोक हा रस्ता पार करायला येतात.

नाव हायवे, पण जवळजवळ सगळा रस्ता खडीचा. कॅनडासारख्या श्रीमंत देशाला डांबर परवडत नाही की काय? पैशांचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण जमिनीत आहे. इथली जमीन वरची थोडी माती सोडली तर बारा महिने गोठलेली असते. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहणाऱ्या अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. गोठलेली असते तोवर ती दगडासारखी टणक. वितळली की मातीतल्या बर्फाचे पाणी होते, चिखल होतो आणि वरचे सगळे खचते.

आपल्याकडे डोंगर कापून रस्ता काढतात. इथे तसे केले तर वरचे शेवाळ आणि झुडपे निघतात आणि बर्फाचे पांघरूणच जाते. म्हणून न खोदता जमिनीवरच खडी-मुरुमाची जाड भर घातली. ठिकठिकाणी ती एक ते अडीच मीटर उंच आहे. उन्हाळ्याची उष्णता भरीतच अडावी, खालच्या बर्फापर्यंत पोचू नये, हा हेतू. काळे डांबर ऊन शोषून घेते, शिवाय जमीन थोडी हलली की तडकते. खडी मात्र ग्रेडर फिरवून पुन्हा सपाट करता येते.

याची किंमत दुचाकीस्वार मोजतो. चाकाच्या घर्षणाला मर्यादा असते. त्यातूनच ब्रेक लागतो आणि त्यातूनच वळताही येते. सुट्या खडीवर ही मर्यादा फारच कमी. घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला तर सारे घर्षण ब्रेकमध्ये खर्च होते, वळण्यासाठी काही उरत नाही आणि गाडी आडवी होते. ग्रेडर नुकताच गेलेला असेल तर मध्ये सुट्या खडीचा वरंबा असतो. तो ओलांडताना मनाची तयारी लागते.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. प्रयोगशाळेत डेसिकेटरमध्ये आपण तेच वापरतो. ते हवेतले बाष्प ओढून घेते, त्यामुळे माती ओलसर राहते आणि उडत नाही. पण पाऊस पडला की हाच पृष्ठभाग साबणासारखा निसरडा होतो. तो चिखल रेडिएटरवर वाळला तर काढता काढता पुरेवाट होते.

पेट्रोलचा हिशेब वर्गात मुलांना घालण्याजोगा आहे. फाट्यापासून ईगल प्लेन्सचा पंप ३६९ किलोमीटरवर. डॉसनपासून धरले तर सुमारे ४०९. टाकी २० लिटरची आणि गाडी लिटरला २० किलोमीटर जात असेल तर काय होईल? समोरून वारा असेल तर? जाणकार स्वार जादा डबा बांधूनच निघतो. पुढे पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूलच नाहीत. उन्हाळ्यात तरीतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून जायचे. नदी गोठत असताना व फुटत असताना काही आठवडे दोन्ही बंद.

आता तापमान वाढते आहे आणि भरीचा हिशेब चुकू लागला आहे. गंमत म्हणजे त्यात हिमाचाही वाटा आहे. वाऱ्याने भरीच्या उतारावर हिम साचते. त्यात हवा कोंडलेली असल्यामुळे ते गोधडीसारखे काम करते आणि हिवाळ्याची थंडी जमिनीत उतरू देत नाही. उन्हाळ्यात भरीच्या पायथ्याशी तुंबलेले पाणीही खाली उष्णता नेते. त्यामुळे आधी खचतात त्या कडा. म्हणून कडेला गाडी उभी करताना स्टँडखाली सपाट दगड किंवा फळी ठेवणे बरे. पील पठारावर तर बर्फाने भरलेल्या टेकड्यांचे उतार वितळून चिखलाच्या लोटांसारखे घसरताना दिसतात.

हे शाळेत करून पाहता येईल. दोन सारख्या डब्यांत ओली माती दाबून रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवा. एकीवर चार बोटे कोरडी खडी पसरा, दुसरीवर नुसता काळा कागद ठेवा. दोन्ही उन्हात ठेवून दर पंधरा मिनिटांनी मातीत पेन्सिल खुपसून खोली मोजा. तिसऱ्या डब्यात खडीचा थर दोन बोटेच ठेवला तर काय होते, तेही मुलांना आधी विचारून मग पाहा.