घर धरून मोजलेली माणसं

किल्लारीत वाढलेल्या माणसाला 7,928 हा आकडा पाढ्यासारखा पाठ असतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली, त्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मेलेल्या माणसांचा हा सरकारी आकडा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत तो 9,748 आहे. भाषणांत आणि वर्तमानपत्रांत सर्रास दहा हजार म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसं तिन्ही आकडे ऐकून घेतात आणि मग आपल्या आळीची नावं सांगायला लागतात. अमक्याच्या घरची सहा, त्याच्या शेजारची चार, लेकरू पाळण्यात होतं ते वाचलं.

मार्च 2020 पासून पुढची दोन वर्षं देशभर कोरोनाने मेलेल्या माणसांच्या आकड्यांवर वाद चालला, तेव्हा मला ही नावं सांगण्याची रीत सारखी आठवत होती. त्या वादाकडे आज मागे वळून पाहताना मी तो किल्लारीवरूनच पाहतो. धोका किती मोठा, मेलेले किती आणि रस्ता कुणासाठी बंद, हे तिन्ही प्रश्न आमच्या गावाने आधी एकदा सोसले होते.

1992 च्या पावसाळ्यात किल्लारी भागात धक्के बसायला लागले. ऑक्टोबरातले धक्के तर भांडी पाडणारे होते. लोक काही दिवस अंगणात, शेतात झोपले. तेव्हाच्या भूकंप-नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे काळा कातळ, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी जाणत्यांचीही समजूत होती. थंडी वाढली तशी माणसं पुन्हा घरात झोपायला लागली. घरं दगडमातीची, दोन-दोन हात जाडीच्या भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून त्यावर दरवर्षी मातीचा थर चढायचा. पुढच्या वर्षीची गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं उशिरा झोपली होती, आणि ती माती खाली आली.

मी अकरा वर्षांचा होतो, औशाला आजोळी होतो. दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन निघाले तर रस्ता गाड्यांनी तुंबलेला. मदतीला निघालेले होते, तितकेच नुसतं बघायला आलेलेही होते. वरून पाऊस. बघ्यांच्या गर्दीत मदतीच्या गाड्या अडकायला लागल्या म्हणून पोलिसांनी वाट अडवली, आणि त्या अडवण्यात आम्हीही अडकलो. वडील हात जोडून सांगत होते, “साहेब, आत माझी माणसं हायत.” आत सोडेपर्यंत संध्याकाळ झाली. रस्ता अडवणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण अडवलेल्या वाटेवर उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तो वडिलांचा होता.

सत्तावीस वर्षांनी तसाच मी उभा राहिलो. 23 मार्च 2020 ला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, 25 तारखेपासून देशच बंद झाला. त्याआधी दोन दिवस मी पुण्याहून कुटुंबासह निघालो होतो. गावाजवळच्या एका वाडीच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, पलीकडे दगडांची रास आणि तोंडाला गमछे बांधलेली पोरं. त्यातलं एक माझ्या ओळखीचं.

“कुठून आलाव?”

“पुण्याहून. अरे, मी…”

“वळखलं की. पण दादा, तुमी चौदा दिस आखाड्यावर ऱ्हावा. गावात नगा येऊ.”

आम्ही राहिलो. शेतातल्या आखाड्यावर चौदा दिवस, डबा बांधावर ठेवून माणूस मागे फिरायचा. गेल्या वेळी याच गावाकडे परक्या मुलखातून माणसं धावून आली होती, आणि आता पुण्याला गेलेला गावचाच माणूस परका झाला होता, हे मनाला लागलं. तरी त्या पोरांची भीती खोटी नव्हती. गावात ऑक्सिजनची सोय नाही, लातूरचं सरकारी रुग्णालय 40-45 किलोमीटरवर, आणि घरोघर दमेकरी म्हातारे. ते आपल्या गावाचा धोका आपल्या परीने मोजत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निलंग्याची बातमी आली. हरियाणातून आंध्र प्रदेशाकडे निघालेल्या 12 जणांपैकी 8 जण बाधित निघाले. तोवर लातूर जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता. इतक्या राज्यांच्या सीमा ओलांडून ही माणसं आलीच कशी, यावर चहाटपऱ्या बंद असतानाही चर्चा झडली. ते आठही जण पुढे बरे झाले, त्याची बातमी मात्र फार कुणी वाचली नाही. त्यांच्या धर्मावरून जे बोललं गेलं ते ऐकून मला लाज वाटली, आणि तेव्हा मी पुरेसं बोललो नाही याची आजही वाटते.

नांदेडचा वाद याहून मोठा. तख्त हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले चार हजारांच्या आसपास यात्रेकरू, बहुतेक पंजाबचे, टाळेबंदीत तिथेच अडकले. महिनाभर लंगरने त्यांना जेवू घातलं. एप्रिलच्या अखेरीस ते बसने परत गेले आणि पंजाबात तपासणी झाल्यावर त्यांतले हजाराहून अधिक बाधित निघाले. पंजाबचे तेव्हाचे आरोग्यमंत्री बलबीरसिंग सिद्धू यांनी महाराष्ट्राने तपासणी नीट केली नाही असा ठपका ठेवला. नांदेडचे तेव्हाचे पालकमंत्री अशोक चव्हाण यांचं म्हणणं असं की, लागण प्रवासात किंवा आलेल्या चालकांकडून झाली असावी. नांदेड शहरात पहिला रुग्ण 22 एप्रिलला सापडला होता, आणि मेच्या सुरुवातीला लंगर साहिबमधले 20 जण बाधित निघाले. आग कुठून कुठे गेली हे ठरवायला लागणाऱ्या घशाच्या चाचण्याच तेव्हा फार थोड्या होत होत्या. कपाळाला यंत्र लावून ताप बघणं यालाच लोक तपासणी म्हणत. महिनाअखेरीस चव्हाण स्वतः बाधित झाले, त्यांना मुंबईला हलवावं लागलं.

त्याआधी एप्रिलमध्ये सरकारने कारखान्यांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना तपासून घरी सोडायचा निर्णय घेतला. हा निर्णय माझ्या मते त्या काळातला सगळ्यात माणुसकीचा होता. पण घरी म्हणजे पुन्हा गावाबाहेर, शाळेत नाही तर रानात.

धोका नेमका किती, हा वाद उन्हाळाभर चालला. एक बाजू म्हणायची, क्षयाने देशात वर्षाला चार लाखांवर माणसं मरतात, त्यासाठी कुणी गाव बंद केलं का? दुसरी बाजू मुंबईतल्या वॉर्डांचे फोटो दाखवायची. या गोंगाटात एक मोजणी शांतपणे झाली आणि तिला आमच्या भागाने रक्त दिलं, अक्षरशः. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून 2020 मध्ये देशातल्या निवडक जिल्ह्यांत रक्तनमुने घेतले. महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते, त्यांत नांदेड, परभणी आणि बीड हे मराठवाड्यातले तीन. जिल्ह्यागणिक सुमारे चारशे माणसं. निष्कर्ष असा निघाला की मेच्या सुरुवातीलाच देशातल्या प्रौढांपैकी 0.73 टक्के लोकांना लागण होऊन गेली असावी, म्हणजे सुमारे 64 लाख, आणि नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात 82 ते 130 जणांना लागण.

हा अहवाल दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचला. रोग सौम्य म्हणणाऱ्यांनी सांगितलं, बघा, छेद एवढा मोठा, मग मृत्यूचं प्रमाण किरकोळ. पण अंशाचं काय? मेलेल्यांचाही हिशेब लागलेला नव्हता. 16 जून 2020 ला राज्याने आधीच्या 1,328 मृत्यूंची भर एका दिवसात घातली, त्यातले 862 मुंबईचे. ते त्या दिवशी मेलेले नव्हते, नोंदींचा ताळमेळ त्या दिवशी लागला होता. टीव्हीवर मात्र तो एका दिवसाचा कहर म्हणून दिसला, आणि ‘सरकार लपवत होतं’ हे गावोगाव पक्कं झालं.

त्याच वर्षी गावात उलटी अफवाही होती. साधं पडसं असलं तरी पॉझिटिव्ह दाखवतात, दवाखान्यांना त्याचे पैसे मिळतात, आत नेलेल्या माणसाची मूत्रपिंडं काढून घेतात. या भीतीने माणसं तपासायला जात नव्हती. पहिल्या वर्षी ‘आकडा फुगवलाय’ म्हणणारीच तोंडं दुसऱ्या वर्षी ‘आकडा दडवलाय’ म्हणत होती. त्यांना मी दोष देत नाही. मधल्या काळात त्यांच्या घरातलं कुणीतरी गेलं होतं.

प्रवासाच्या बंदीचाही असाच खेळ झाला. 20 ऑगस्ट 2020 ला एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली आणि तिला ई-पास लागत नव्हता. स्वतःच्या गाडीने निघालेल्याला मात्र सप्टेंबर उजाडेपर्यंत लागत होता. एसटीत अनोळखी माणसांसोबत बसलेला मोकळा आणि घरच्या चौघांसोबत निघालेला अडलेला, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. एसटी गरिबाची आहे, ती आधी सुरू केली हे बरोबर. पण कारण न सांगता घातलेला नियम लोक मनाने पाळत नाहीत. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली, पास परत आला, जिल्ह्याबाहेरून आलेल्याच्या हातावर शिक्के मारायचे ठरले, तेव्हा खरी गरज होती आणि ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या एप्रिलबद्दल लिहायला हात धजत नाही. अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेत 22 मृतदेह कोंबून नेल्याचं चित्र राज्याने पाहिलं. आमच्याकडे खाटेसाठी किल्लारी, औसा, लातूर असे फोन रात्रभर चालायचे. छातीच्या स्कॅनचा स्कोअर लोक परीक्षेच्या मार्कांसारखा विचारायचे. “किती आलाय?” “अठरा.” पुढे कुणी बोलायचं नाही.

माझी चुलती पुढच्याच मे महिन्यात गेली. स्कोअर अठरा तिचाच. एका दवाखान्यातून दुसरीकडे नेताना, गाडीत. घशाच्या चाचणीचा अहवाल निगेटिव्ह होता, त्यामुळे त्या दिवशीच्या जिल्ह्याच्या आकड्यात ती नव्हती. तिच्यासारखी किती, हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 ला सानुग्रह मदतीचा आदेश दिला, 50 हजार रुपये ठरले, आणि चाचणीनंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू कोरोनाचाच धरायचा असं ठरलं. जानेवारी 2022 पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू 1 लाख 41 हजार आणि मदतीचे अर्ज 2 लाख 13 हजार अशी स्थिती झाली. सगळेच अर्ज खरे होते असं नाही. पण अर्ज घेऊन रांगेत उभी राहिलेली ती घरं होती, आणि आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातले जादा मृत्यू 47 लाख सांगितले, सरकारी आकडा होता पाच लाखांच्या आत. केंद्राने ते गणितच अमान्य केलं. मग 2025 च्या मेमध्ये देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा 2021 चा अहवाल बाहेर आला. नोंदलेले सगळे मृत्यू 2019 मध्ये 76 लाख 40 हजार, 2020 मध्ये 81 लाख 20 हजार, आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. एका वर्षात सुमारे 21 लाखांची वाढ, तर त्या वर्षीचे कोरोना म्हणून नोंदलेले मृत्यू सव्वातीन लाखांच्या पुढे. नोंदणी सुधारली हा त्यातला एक भाग असेल. तरी उरलेलं अंतर सुधारलेल्या नोंदणीने भरून निघेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी 22-23 मृत्यूंनाच डॉक्टरने कारण लिहून दिलेलं होतं. बाकीच्यांचं कारण घरचे सांगतील ते.

आणि इथेच मला 1993 ची मोजणी वेगळी वाटते. ती काही निर्दोष नव्हती. सामुदायिक चिता पेटल्या, पावसात ओळख पटवायला वेळ नव्हता, पाहुणे म्हणून आलेली माणसं कुठल्या गावाच्या यादीत धरायची यावर तंटे झाले. पण मोजणारा माणूस घराच्या ढिगाऱ्याजवळ उभा राहून विचारत होता, या घरात किती होते आणि आता किती आहेत. मेलेल्याला आपण भूकंपाने मेलो हे सिद्ध करावं लागत नव्हतं. 2021 च्या पावसाळ्यात असं घरोघर विचारत फिरणं काही अवघड नव्हतं. आशाताई रोज घरोघर जातच होत्या, ताप आणि ऑक्सिजन मोजत. त्यांच्या वहीत एक रकाना वाढवला असता, ‘मार्चनंतर या घरातलं कोण गेलं’, तर आज तीन आकडे घेऊन आपण भांडत बसलो नसतो.

गेल्या दिवाळीत तात्यांकडे, म्हणजे चुलत्यांकडे गेलो होतो. पत्र्याची पेटी उघडून त्यांनी दोन पिशव्या काढल्या. एकीत 1993 चे कागद. त्यांची सात वर्षांची मुलगी तेव्हा गेली, तिचं नाव असलेली यादी, घडीवर विरलेली. दुसरीत चुलतीची फाइल, स्कॅनची मोठी फिल्म, अर्जाची पोच, आणि मृत्यूचा दाखला मिळवण्यासाठी केलेल्या एका अर्जाची झेरॉक्स. अर्ज लिहून देणाऱ्याने कारणाच्या जागी ‘वृद्धापकाळ’ असं लिहिलं होतं.

“तात्या, हे असं कसं लिहू दिलं?”

“त्या दिशी मला काय वाचू येत हुतं का?” त्यांनी कागदाची परत घडीवर घडी घातली. “वय बघ की तिचं वर. त्रेपन्न लिवलंय.”