तोफगोळ्याची फुलदाणी

• खंदककला म्हणजे काय? युद्धातल्या टाकाऊ धातूपासून सैनिकांनी घडवलेल्या वस्तू. पहिल्या महायुद्धात (1914–18) हा प्रकार सर्वाधिक फोफावला.

• काय घडवत? तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीची फुलदाणी, काडतुसाचा पत्र फोडायचा चाकू, ॲल्युमिनियमच्या तुकड्याची अंगठी.

• कसं? ठोकताना पत्रा चेपू नये म्हणून पुंगळीत वाळू, डांबर किंवा शिसं भरत. मग खिळ्याने, छिन्नीने नक्षी उठवत.

• कोण घडवत? खंदकात छोटं कोरीवकाम. ठोकाठोकीची मोठी कामं पिछाडीच्या कार्यशाळांतले कारागीर सैनिक, जखमी आणि युद्धकैदी करत.

• ओळख : पुंगळीच्या बुडावर बहुधा वर्ष आणि कारखान्याचा शिक्का असतो. पण ते वर्ष पुंगळीचं. नक्षी नंतरचीही असू शकते.

• आपल्याकडे : पुलगाव–आर्वी मार्गावरच्या रोहणा गावाला दारूगोळा परका नाही, कारण पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. निकामी दारूगोळ्याच्या स्फोटात 2018 मध्ये सोनेगाव (आबाजी) इथे 6 जणांचा जीव गेला.

सावधान : शेतात, माळावर दारूगोळ्यासारखी वस्तू दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.