‘चर्चेनुसार’ वाढलेला रेडिअस

कारखान्यातल्या कुठल्याही ड्रॉइंगवर कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, रिव्हिजनचा. ए, बी, सी, डी अशी अक्षरं, पुढे तारीख, काय बदललं ते, बदलणाऱ्याची आद्याक्षरं आणि शेवटी एक रकाना : बदलाचं कारण. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अर्धं आयुष्य ड्रॉइंगं चाळण्यात घालवल्यावर मी सांगतो, या शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारे शब्द म्हणजे ‘अ‍ॅज पर डिस्कशन’. चर्चेनुसार. चर्चा कुणात झाली, कोण काय म्हणालं, कुणाचं म्हणणं का मागे पडलं, यातलं काहीही नाही. चहाचे कप उचलले गेले, फळा पुसला गेला आणि ड्रॉइंग सुटलं.

एका ओतीव ब्रॅकेटची गोष्ट सांगतो. त्याच्या आतल्या कोपऱ्याला आधी तीन मिलिमीटरचा रेडिअस होता. रिव्हिजन सी-ला तो पाच झाला. कारण : चर्चेनुसार. पुढे बऱ्याच वर्षांनी खरेदी खात्याने वॉशरांचे शंभर प्रकार कमी करून वीसवर आणायची मोहीम काढली. मोहीम चांगलीच होती. त्यात या ब्रॅकेटवरचा लहान व्यासाचा खास वॉशर जाऊन बाजारात मिळणारा नेहमीचा आला. तो थोडा मोठा, म्हणून त्याची कड कोपऱ्यातल्या गोलाईवर चढू लागली आणि बोल्ट नीट बसेना. असेम्ब्ली लाइनवरून बोंब आल्यावर एका हुशार नव्या पोराने गोलाई पुन्हा पाचाची तीन केली. वॉशर बसला, लाइन सुरू झाली, पोराची पाठ थोपटली गेली. सहा-सात महिन्यांनी बाहेरून ब्रॅकेट परत येऊ लागले. सगळ्यांना तडा एकाच जागी, त्याच कोपऱ्यात.

निवृत्त झालेल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी नंबरही विचारला नाही, नुसता ब्रॅकेट म्हटल्यावर म्हणाले, “अहो, व्हायब्रेशनने तिथेच तडकत होता म्हणून तर पाच केला! आणि त्याच आठवड्यात वॉशर बारीक केला होता आपण. त्याचं ड्रॉइंग काढलंत का?”

वॉशरचं ड्रॉइंग काढलं. बदलाचं कारण : चर्चेनुसार.

या गोष्टीत मूर्ख कुणीच नाही. खरेदीवाल्यांचा हिशेब बरोबर होता, पोराचा उपाय त्याच्यापुढे होती तेवढ्या माहितीत बिनचूक होता. दोन्ही ड्रॉइंगंही कंपनीच्या सर्व्हरवर जागच्या जागी, जुन्या रिव्हिजनांसकट, सहीशिक्क्यानिशी होती. नव्हता तो त्या दोन्हींना बांधणारा धागा. तो एका माणसाच्या डोक्यात होता आणि तो माणूस दुपारी नातवाला शाळेतून आणायला गेला असता, तर आम्हाला तेवढंही कळलं नसतं.

संगणकाने आकार सांभाळायचं काम फार उत्तम केलं आहे, यात शंका नाही. अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलंडने १९६३ साली ‘स्केचपॅड’ दाखवलं. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ मारायची आणि या दोन रेघा समांतर राहतील असं यंत्राला सांगायचं. म्हणजे रेघेबरोबर तिचा नियमही साठवायची सोय या धंद्याच्या पहिल्याच पावलाला होती. पुढे तीस वर्षांत मजल बोइंग ७७७ पर्यंत गेली. हे विमान पूर्णपणे संगणकावर त्रिमितीत रचलं गेलं आणि १२ जून १९९४ रोजी उडालं. पूर्वी पाइप वायरिंगला आडवा येतो का हे बघायला लाकडाचं, पत्र्याचं अख्खं विमान उभं करावं लागे, ते काम पडद्यावर झालं. आज बऱ्याच कारखान्यांत पीएलएम नावाची प्रणाली असते. प्रत्येक पार्टचं मॉडेल, त्याची रिव्हिजन, तो कुठल्या असेम्ब्लीत बसतो, कुणी चेक-आउट करून ठेवला आहे, सगळं तिच्या तिजोरीत. या क्षेत्रातल्या दासॉ, सीमेन्स आणि पीटीसी या बड्या कंपन्यांची सॉफ्टवेअर केंद्रं पुण्यात आहेत. जगभरच्या डिझाइनच्या तिजोऱ्यांची कुलपं घडवायला आपलीही पोरं आहेत.

पण आकारही दर वेळी धड पोचतो असं नाही. एअरबस ए३८० चं वायरिंग पाचशे किलोमीटरच्या घरात. हॅम्बुर्गचे इंजिनिअर कॅटिया या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत, तुलूझचे नवी. हॅम्बुर्गहून सांगाडे तुलूझला आले, तेव्हा तारा जागेवर पुरेनात, वळणं जुळेनात. शेवटी माणसं विमानात शिरून हाताने तारा ओढू लागली. २००६ साली विमान लांबणीवर पडल्याचं पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्यासाठी १९९४ पासून ‘स्टेप’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०३०३. त्यातून फाइल गेली की पलीकडे घन आकार दिसतो, मापंही बरोबर निघतात, पण हे भोक त्या कडेपासून का मोजलं, ही गोलाई कशावर अवलंबून आहे, ते बहुतेक वेळा अलीकडेच राहतं. भाषांतरात म्हण गेली आणि शब्द राहिले, तसं.

मग कारणच का साठवू नये? हा प्रश्न जुना आहे. होर्स्ट रिटेल हा जर्मनीत उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन विद्यालयात शिकवून पुढे बर्कलीला गेलेला प्राध्यापक. त्याने आणि व्हेर्नर कुन्झने १९७० साली एक पद्धत मांडली, तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘आयबिस’. कल्पना अगदी साधी : आधी प्रश्न लिहा, मग त्यावरची उत्तरं, मग प्रत्येक उत्तराच्या बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे. आपल्याकडच्या शास्त्रार्थाशी परिचय असलेल्याला यात नवल वाटणार नाही. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताला उभं राहता येत नाही, हे भाष्यकारांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एखाद्या भाष्यातून खोडून काढलेलं मतही आज आपल्याला वाचायला मिळतं, आणि मला वाटतं डिझाइनमध्ये तर खरी किंमत त्या खोडलेल्या मतालाच आहे. पाचचा रेडिअस ड्रॉइंगवर दिसतोच. तीन का नको, हे मात्र कुठेच दिसत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी जेफ कॉन्क्लिन आणि मायकेल बेगमन यांनी टेक्सासात ऑस्टिनच्या एका संशोधन संस्थेत हीच पद्धत पडद्यावर आणली. प्रश्नांचे, उत्तरांचे, मुद्द्यांचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, असं चर्चेचं जाळंच.

कागदावर हे सगळं लोभस आहे. प्रत्यक्षात काय होतं? मीटिंगमध्ये वाद रंगात आलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, थांबा, हा ‘मुद्दा’ आहे की ‘उत्तर’ आहे ते ठरवू, मग चौकोन काढू. वाद तिथेच बसतो. दुसऱ्या वेळी चौकोन काढायचं काम ट्रेनीकडे जातं, आणि ट्रेनीला कळतं तेवढंच चौकोनात येतं. संगणकीय सहकार्यावर काम करणाऱ्या जोनाथन ग्रूडिनने १९८८ साली यावर नेमकं बोट ठेवलं. त्याचा मुद्दा असा की अशी सॉफ्टवेअरं फसतात, कारण राबायचं एकाने आणि फळ खायचं दुसऱ्याने. आमच्या धंद्यात हा दुसरा अनेकदा जन्मालाही आलेला नसतो. आज रात्री आठ वाजता ड्रॉइंग सोडायचं असताना, पंधरा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी पोरासाठी कोण अर्धा तास लिहीत बसेल? शिवाय लिहिलेलं कारण उद्या आपल्याच गळ्यात यायचं, ही भीती आहेच. ‘चर्चेनुसार’ म्हटलं की चूक सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. हा हिशेबही त्या रकान्यात गुपचूप बसलेला असतो, आणि त्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरकडे औषध नाही.

ज्ञान माणसाकडून काढून नियमांत घालायचाही मोठा उद्योग झाला. कार्नेगी मेलनच्या जॉन मॅक्डरमॉटने १९७० च्या दशकाअखेरीस डीईसी कंपनीसाठी एक प्रणाली रचली. ग्राहकाची ऑर्डर आली की व्हॅक्स संगणकाला कुठली कॅबिनेटं, कुठल्या केबली लागतील ते ती ठरवी. चालली ती झकास. पण संगणकांची नवी मॉडेलं येत गेली तसे नियम हजारोंवर गेले आणि ते निगुतीने सांभाळायलाच माणसांची फौज लागू लागली.

तरी नियम वस्तूत भरता येतो, हे मी संगणकाच्या आधी एका पट्टीत पाहिलं होतं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका पॅटर्न शॉपमध्ये गेलो होतो. बाकावर सागवानाचा अर्धवट पॅटर्न, भुसा आणि पितळी कडांची एक जुनी पट्टी. मी सवयीने खिशातली पट्टी शेजारी ठेवली, तर तीस सेंटिमीटरवर त्यांची रेघ माझ्या रेघेच्या तीन मिलिमीटर पुढे. मिस्त्री हसले. “खोटी हाय साहेब ती, पण काम खरं देती.” ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पट्टीचा प्रत्येक सेंटिमीटरच तेवढा फुगवलेला. मिस्त्रींना गुणाकार करावा लागत नाही, विसरायची तर सोयच नाही. पोलादासाठी पट्टी वेगळी, तिचं फुगणं जवळपास दुप्पट. मग एका पोकळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हितं मातुर पट्टीचं ऐकत न्हाई. आत कोअर अडवतोय न्हवं, हितं कमी आकसतं.” किती कमी? त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. ते अंतर मी मोजलं नाही.

त्या बोटांमधल्या अंतरावरच मोठमोठे देश अडले आहेत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिनं होती, एकेकाचा रेटा सुमारे ६८० टन. या रॉकेटची ड्रॉइंगं नासाने फेकून दिली, अशी दंतकथा फार फिरते. ती खोटी आहे, कागद जपलेले आहेत. नासाच्याच मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी साठवणीतलं एक इंजिन उघडलं, सुट्या भागांचं त्रिमिती स्कॅनिंग केलं आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर प्रत्यक्ष पेटवून दाखवला. उघडताना त्यांना दिसलं ते असं, की जागोजागी वेल्डरने हाताने काम निभावून नेलेलं, बारकावे इंजिनागणिक वेगळे आणि ड्रॉइंगमध्ये त्यांचा पत्ता नाही. ज्वलन अस्थिर होऊन इंजिनं फुटत होती, तेव्हा ते आवरण्यासाठी साठच्या दशकात ज्वलनकक्षात मुद्दाम छोटे स्फोट घडवून, अडथळ्याच्या पट्ट्यांची रचना बदलत बदलत उत्तर गाठलं होतं. तिथे कारण लिहायचं म्हटलं तरी, ‘हे चाललं’ यापलीकडे फारसं काही लिहिता आलं नसतं.

फॉगबँकची गोष्ट त्याच्या वरताण. अमेरिकेच्या डब्ल्यू७६ अण्वस्त्रात वापरलेला हा पदार्थ आहे काय, हेच गुप्त. शस्त्रांचं आयुष्य वाढवायला तो पुन्हा बनवायचा ठरला, तेव्हा लक्षात आलं की जुना कारखाना बंद, जाणती माणसं जवळजवळ सगळी निवृत्त आणि नोंदी जेमतेम. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या २००९ सालच्या अहवालातच हे आहे. नवा कारखाना उभारून पदार्थ बनवला, तर तो जुन्यासारखा वागेना. बऱ्याच शोधाशोधीनंतर कारण सापडलं : मूळ कच्च्या मालात एक अशुद्धी होती आणि तिच्यामुळेच माल जमत होता. नव्या प्रक्रियेत कच्चा माल जास्त स्वच्छ होई, म्हणून माल बिघडे. गंमत म्हणजे जुन्या लोकांनाही त्या अशुद्धीचं महत्त्व माहीत नव्हतं. त्यांना कितीही चांगलं सॉफ्टवेअर दिलं असतं, तरी त्यांनी लिहिलं काय असतं?

आता जुन्या ईमेल, मीटिंगच्या नोंदी, तपासणी अहवाल वाचून ‘हा रेडिअस का?’ याचं उत्तर देणारी भाषिक मॉडेलं आली आहेत. मला त्यांच्याबद्दल तुच्छता नाही. सर्व्हरवर वीस वर्षं पडून असलेले, कुणी न उघडलेले तपासणी अहवाल कुणी तरी वाचेल, हेच पुष्कळ. आमच्या ब्रॅकेटपुरता मी मनात हिशेब मांडला. तडा गेल्याचा मूळ अहवाल सापडला असता. वॉशरचा बदल त्याच आठवड्यातला, हे तारखांवरून जुळलं असतं. दोन्हींचा संबंध लावून, ‘कदाचित’ असं म्हणून का होईना, मॉडेलने दाखवलाही असता. पण ज्यात काही लिहिलंच नाही, अशा रकान्यातून छातीठोक कारण रचून दिलं असतं, तर ते खरं की बनवलेलं हे सांगायला पुन्हा साहेबांनाच फोन.

साहेबांशी बोलून झाल्यावर रिव्हिजन ई मी स्वतः काढली. रेडिअस पुन्हा पाच, लहान वॉशर परत. कारणाच्या रकान्यात सगळं लिहायला बसलो : तडा कुठे गेला, कशाने गेला, वॉशर का लहान, कुठली दोन ड्रॉइंगं एकत्र बघायची. आमच्या प्रणालीत त्या रकान्यात साठ अक्षरं मावतात आणि देवनागरी घेतच नाही. इंग्रजीत काटछाट करत करत दोन ड्रॉइंगांचे नंबर आणि ‘तडा’ एवढं बसवलं. शेवटी तीन अक्षरांची जागा उरली, तिथे माझी आद्याक्षरं टाकली. निवृत्तीला मला दोन वर्षं आहेत.