जुन्या पिकअपला स्वतंत्र मागील सस्पेन्शन : एका अदलाबदलीचा यांत्रिक विचार

अमेरिकेत १९५० ते १९७२ या काळातील पिकअप ट्रक जतन करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक प्रघात बराच रूढ आहे. गाडीचा मूळचा अखंड मागील आस काढून टाकावयाचा आणि त्याच्या जागी एखाद्या मोटारीचे स्वतंत्र मागील सस्पेन्शन बसवावयाचे. फोर्ड एफ-१०० किंवा शेव्हरोले सी-१० यांसारख्या अर्ध्या टनाच्या वर्गातील गाड्या या कामासाठी विशेषेकरून निवडल्या जातात. या फेरबदलाने गाडी सुधारते, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा, कोणत्या भारावर खरा, आणि त्यासाठी चौकटीला काय सोसावे लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. (सस्पेन्शन हा शब्द तसाच ठेवला आहे. ‘निलंबन’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे चाकाऐवजी कचेरी उभी राहते.)

प्रथम मूळ रचना. १९५३ ते १९५६ या काळातील एफ-१०० मध्ये मागील दोन्ही चाके एकाच लोखंडी कवचात बसविलेल्या आसाने जोडलेली असून ते कवच दोन बाजूंच्या कमानपाट्यांवर बांधलेले आहे. कमानपाटा हा केवळ भार पेलणारा भाग नव्हे. तो आसाला पुढे-मागे सरकू देत नाही, आडवे हलू देत नाही, आणि इंजिनाच्या जोराने आस स्वतःभोवती पिळला जाऊ लागला की त्या पिळालाही तोच विरोध करतो. एका स्वस्त वस्तूकडून चार कामे करून घेण्याची ही युक्ती कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. शेव्हरोलेने १९६० पासून सी-१० मध्ये कमानपाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा व दोन लांब अनुगामी भुजा योजल्या. पण आस अखंडच राहिला.

अखंड आसाविरुद्धचा मुख्य आक्षेप वस्तुमानाचा आहे. स्प्रिंगखालचे वस्तुमान जितके अधिक, तितके चाक रस्त्याच्या उंचसखलपणाचा पाठलाग करण्यास मंद. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, रिकाम्या पिकअपच्या मागील आसावर स्प्रिंगवरचे वस्तुमान ५५० किलोग्रॅम आहे. आस, डिफरन्शियल, ब्रेक व चाके मिळून स्प्रिंगखालचे वस्तुमान १५० किलोग्रॅम धरू. दोहोंचे गुणोत्तर ०.२७ येते. डिफरन्शियल चौकटीस बांधून टाकले आणि स्प्रिंगखाली ८६ किलोग्रॅमच उरले, तर हेच गुणोत्तर ०.१६ होते. प्रत्येक टायरचा ताठपणा मिलीमीटरला २०० न्यूटन व स्प्रिंगचा सुमारे २५ न्यूटन मानल्यास चाकाच्या उसळण्याची कंप्रता सेकंदास ८.७ आवर्तनांवरून ११.५ वर जाते. चाक हलके होऊन रस्त्याला अधिक काळ चिकटून राहते. हा लाभ निर्विवाद आहे.

आता त्याच गाडीत अर्ध्या टनाहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ५५० किलोग्रॅम माल भरा आणि तो सर्व मागील आसावर येतो असे माना. स्प्रिंगवरचे वस्तुमान ११०० होते. जुन्या अखंड आसासाठीच आता गुणोत्तर ०.१४ येते, म्हणजे रिकाम्या गाडीतील स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षाही किंचित सरस! मूळ रचनाकारांनी भरलेली गाडी डोळ्यांपुढे ठेवून योजना केली होती, आणि भरलेल्या गाडीसाठी ती योजना वाईट नव्हती. रिकामी गाडी उड्या मारते, ही तक्रार खरी आहे. परंतु तिचे कारण एकट्या आसात नाही. भरलेल्या अवस्थेत सेकंदास १.५ आवर्तने मिळावीत असा कमानपाटा निवडला, तर त्याचे स्थिर दबणे ११ सेंटिमीटर असते. रिकाम्या अवस्थेत तोच पाटा ५.५ सेंटिमीटर दबतो आणि कंप्रता २.१ वर चढते. बसणाऱ्याच्या पाठीला जाणवतो तो मुख्यतः हा फरक.

स्वतंत्र रचनेचा दुसरा लाभ फारसा बोलला जात नाही, पण तो अधिक सूक्ष्म आहे. प्रोपेलर शाफ्टमधून येणारा टॉर्क अखंड आसाला त्याच्या लांबीच्या दिशेत कलंडवू पाहतो. एक चाक दाबले जाते, दुसरे हलके होते. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ३ असेल, तर शाफ्टवर १२०० न्यूटन-मीटर येतात. दीड मीटर अंतरावरील चाकांमध्ये त्यामुळे जास्तीत जास्त ८०० न्यूटन भाराची उलाढाल होऊ शकते. डिफरन्शियल चौकटीस बांधले की इंजिनाची प्रतिक्रिया व डिफरन्शियलची प्रतिक्रिया चौकटीच्या आतच एकमेकींस छेदतात आणि चाकांना तिची वार्ता लागत नाही.

आता प्रत्यक्ष अदलाबदलीकडे वळू. या कामात दीर्घ काळ अग्रभागी राहिलेला संच जॅग्वारचा. तो १९६१ साली ई-टाइप व मार्क टेन या गाड्यांतून आला, आणि १९६८ च्या एक्सजे६ मध्येही तोच मूळ आराखडा होता. शेव्हरोले कॉर्व्हेटने १९६३ साली आपला निराळा संच आणला. पुढे १९८४ ची कॉर्व्हेट आणि १९९९ ते २००४ ची मस्टँग कोब्रा यांचे संचही वापरात आले. जॅग्वारच्या संचाची मोहिनी समजण्याजोगी आहे. डिफरन्शियल, दोन्ही बाजूंच्या खालच्या भुजा, प्रत्येक बाजूस दोन स्प्रिंगा आणि डिफरन्शियललगतचे डिस्क ब्रेक हे सर्व एका पत्र्याच्या पिंजऱ्यात येते. वरच्या भुजेचे काम हाफ शाफ्टच करतो. ई-टाइपचा संच पिकअपसाठी अरुंद पडतो, कारण त्याच्या मागील चाकांतील अंतर केवळ ५० इंच आहे. एक्सजे६ मध्ये ते सुमारे ५८ ते ५९ इंच असल्याने तो अधिक सोयीचा.

पण हा पिंजरा मूळ गाडीत रबराच्या ठोकळ्यांवर टांगलेला असतो, आणि खालच्या भुजेच्या बाहेरील टोकापासून एक त्रिज्याभुजा पुढे शरीराकडे जाते. तिचे टोकही रबरातच असते. बदल करणारे पुष्कळदा पिंजरा टाकून देतात, डिफरन्शियल थेट चौकटीस आवळतात आणि त्रिज्याभुजेला रबराऐवजी धातूचे सांधे लावतात. दिसावयास हे अधिक भक्कम. प्रत्यक्षात रबर केवळ आवाज दाबण्यासाठी नव्हते. खालची भुजा आपल्या आतील बिजागरीच्या अक्षाभोवती फिरते. त्रिज्याभुजेचे पुढील टोक त्याच अक्षाच्या वाढविलेल्या रेषेवर असेल, तरच दोन्ही हालचाली जुळतात. समजा, ते टोक त्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेर आहे, खालची भुजा ४५ सेंटिमीटर लांब आहे आणि दोन टोकांतील पुढे-मागे अंतर ६० सेंटिमीटर आहे. चाक आडव्या स्थितीपासून १० सेंटिमीटर वर गेले की त्रिज्याभुजेची आवश्यक लांबी सुमारे साडेपाच मिलीमीटरने बदलते. पोलादी भुजा साडेपाच मिलीमीटर लांब-आखूड होत नाही. रबर होते, तेव्हा हा फरक रबर गिळत असे. आता तो जोडकामावर पडतो. सस्पेन्शन अडखळते, मालक स्प्रिंगा कडक आहेत असे समजून मऊ स्प्रिंगा घालतो, आणि काही महिन्यांनी कंसाच्या वेल्डिंगला चीर दिसते. या विषयातील बहुतेक अपयशांचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे. उपाय साधा आहे. भुजेचे पुढील टोक आतील अक्षावर आणावे, नाहीतर रबर जागचे हलवू नये.

तितकाच महत्त्वाचा प्रश्न टॉर्कच्या प्रतिक्रियेचा. वरील इंजिनास ३.५४ चे अंतिम प्रमाण लावल्यास मागील चाकांवर सुमारे ४२५० न्यूटन-मीटर येतात. मूळ गाडीत हा पिळ सव्वा मीटर लांबीच्या कमानपाट्यांच्या दोन टोकांतून चौकटीत जात होता. प्रत्येक पाट्याच्या टोकावर जेमतेम १७०० न्यूटन. नव्या रचनेत डिफरन्शियलच्या पुढील व मागील आधारांत ३० सेंटिमीटरच अंतर असेल, तर तेथे सुमारे १४,००० न्यूटनचे बल येते. जुनी शिडीवजा चौकट अशा एकवटलेल्या बलासाठी आखलेली नाही. तिच्या आडव्या पट्ट्या बाजूच्या तुळया जागच्या जागी ठेवण्यापुरत्याच आहेत. जॅग्वारच्या संचात ब्रेकही डिफरन्शियललगत असल्याने ब्रेक दाबताच हाच जोर उलट दिशेने येतो. त्यामुळे नवी आडवी तुळई केवळ दोन टोकांशी जोडून भागत नाही. आधारांमधील अंतर वाढविणे हाच खरा मार्ग होय.

राहिला भार. रिकाम्या गाडीला सुखकर वाटावी म्हणून कंप्रता १.३ ठेवली, तर स्थिर दबणे १४.७ सेंटिमीटर होते. दोनशे किलोग्रॅम माल टाकला की गाडी आणखी ५.३ सेंटिमीटर खाली बसते. दर २.५ सेंटिमीटरला चाकाचा उभा कल पाऊण अंशाने बदलत असेल, तर चाके दीड अंशाहून अधिक आत झुकतात आणि टायर आतील कडेने झिजू लागतो. पूर्ण अर्धा टन टाकल्यास चाकाची वर जाण्याची वाट संपून रबरी अडथळा लागतो. अखंड आसाची गाडीही दबते, पण तिची चाके सरळ उभी राहतात. मालवाहू गाडीत तो टिकून राहिला, त्याचे हे एक मोठे कारण.

मग पिकअपला स्वतंत्र सस्पेन्शन असूच नये काय? तसे नाही. होंडा रिजलाइन २००५ पासून, रिव्हियन आर१टी २०२१ पासून आणि फोर्डची विजेवरील एफ-१५० लाइटनिंग २०२२ पासून ते घेऊन आल्या. परंतु तेथे चौकट, आधार व स्प्रिंगा एकत्र आखलेल्या आहेत. रिव्हियनने तर हवेच्या स्प्रिंगा योजून भारामुळे गाडी बसण्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडविला. जुन्या गाडीतही हवेची स्प्रिंग हा विचार करण्यासारखा पर्याय आहे, मात्र तिचे बल पेलणारी जागा चौकटीत नव्याने घडवावी लागते.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनी हा विषय प्रयोगशाळेपुरता हाताळणे बरे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही.

शेवटी एक व्यवहाराची बाब. डिफरन्शियललगतचे डिस्क तापले की ती उष्णता तेलाच्या सीलपर्यंत पोहोचते, आणि मोटारीपेक्षा पिकअपमध्ये वरून हौद्याच्या फळ्यांनी ती जागा अधिकच कोंडलेली असते. ब्रेकचे पॅड बदलावयाचे झाल्यास कारागिराला गाडीखाली निजून काम करावे लागते. म्हणून फळ्या बसविण्यापूर्वीच हौद्याच्या तळाशी उघडझाप होणारे एक झाकण ठेवावे. चौकट उघडी असताना हे काम तासाभराचे आहे. फळ्या बसल्यावर त्याच कामाला सबंध हौदा उतरवावा लागतो.