किनाऱ्यावरच्या कोटांची रांग

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वैतरणेच्या मुखापासून डहाणूच्या खाडीपर्यंत कोटांची एक रांग आहे. अर्नाळा, दातिवरे, भवानगड, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. एखादी खाडी, एखादे बंदर किंवा एखादी वाट राखण्यासाठी यातला प्रत्येक कोट उभा राहिला आणि शेजारच्या कोटाच्या आधारानेच टिकला. एकट्या तारापूरची किंवा एकट्या शिरगावची गोष्ट सांगायला गेले, तर ती अर्धीच राहते. जुन्या वास्तूंना संरक्षण देणारा कायदा मात्र एकेक वास्तू सुटी मोजतो.

ही मोजणी चालते ती मुख्यतः दोन कायद्यांनी. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे आणि राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. केंद्रीय कायद्याची मुळे १९०४ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात आहेत. वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी, अशी १९५८ च्या कायद्याची अट आहे. आधी राजपत्रात इरादा जाहीर होतो, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात आणि मग अंतिम अधिसूचना निघते. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचा शंभर मीटरांचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरांचा पट्टा नियंत्रित झाला. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला इशारा येतो तो इथून.

जिल्ह्यात ही पाटी ठळकपणे दिसते ती वसईचा किल्ला, अर्नाळ्याचा जलदुर्ग आणि सोपाऱ्याचा स्तूप या ठिकाणी. तिन्ही ठिकाणे वसई तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हा हा वारसा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आला.

यात सर्वांत जुना सोपारा. गावकरी ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, त्या टेकाडाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी मिळाली आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक. तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशी त्यांची चढती भाजणी होती. सोबत भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते आणि भोवती बुद्धांच्या व मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. ज्याला लोक बुरुडाचा कोट समजत होते, त्याने या किनाऱ्याचा इतिहास थेट मौर्यांपर्यंत नेऊन भिडवला.

वसईचा पसारा मोठा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे पाच वर्षांत दहा बुरुजांचा तट, दर्या दरवाजा, जमिनीकडचा दरवाजा आणि आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांची चर्चे उभी राहिली. वसई पडल्यावर इथल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा त्यांतलीच मानली जाते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. वसईवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तिच्यापाशी फार रेंगाळण्याचे कारण नाही.

अर्नाळ्याला मात्र थांबायला हवे. हा कोट वैतरणेच्या मुखाशी, बेटावर आहे. किनाऱ्यावरून होडीने तिथे जाता येते आणि कोटाच्या भोवती कोळ्यांची भरलेली वस्ती आहे. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला आणि नव्याने बांधून काढला. मुख्य दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत आणि वर देवनागरी शिलालेखात पहिल्या बाजीरावाचे नाव आहे. आत अष्टकोनी तळे, त्र्यंबकेश्वराचे मंदिर, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी असताना कोटाच्या आत गोडे पाणी मिळते, आणि जलदुर्गाचा खरा जीव त्या विहिरींत असतो. बेटाच्या दक्षिण टोकाला मुख्य कोटापासून सुटा असा एक गोल बुरूज उभा आहे. वैतरणेत शिरणाऱ्या गलबतांवर तिथून नजर ठेवली जाई. शंभर आणि दोनशे मीटरांचा नियम अशा बेटावर लागला, की कोळीवाड्यातल्या घराची भिंत बांधायची तरी परवानगीचा प्रश्न येतो. स्मारक जपायचे आणि त्याच्या सावलीत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांनाही जपायचे, हा पेच अर्नाळ्याइतका उघडा क्वचितच कुठे दिसतो.

वैतरणा ओलांडली की पालघर तालुका लागतो. इथे तट लहान होतात आणि सरकारी पाट्या विरळ. दातिवरे आणि केळवे यांच्यामध्ये टेकडीवर भवानगड आहे. भोवतालचे कोट पोर्तुगीजांचे असताना हा मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये उभारला. शत्रूच्या ठाण्यांच्या मधोमध पाय रोवण्यासाठी बांधलेला हा गड आहे, आणि त्याच्या साध्या, बेताच्या बांधणीवरून कामाची घाई अजून कळते.

केळव्याला दोन कोट आहेत. पाणकोट दांडा खाडीच्या मुखाशी पाण्यात आहे. लांबून तो नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसतो. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते आणि भरतीला तो पुन्हा बेट होतो. दुसरा भुईकोट सुरूच्या बनात आहे. वाऱ्याने उडून आलेली वाळू वर्षानुवर्षे साचत गेली आणि हा कोट जवळजवळ बुजला. तो मोकळा करायला गावातली तरुण मुले फावडी आणि घमेली घेऊन उतरली. वाळू उपसल्यावर आतल्या भिंती पुन्हा उजेडात आल्या. वाळूने हा कोट झाकला तसा राखलाही. बाहेर उघड्या राहिलेल्या बांधकामांचे दगड लोकांनी घरांच्या जोत्यांसाठी नेले. वाळूखालचे जिथल्या तिथे राहिले.

केळव्याला लागून असलेले माहीम हे एके काळी या भागाचे मुख्य गाव होते. ‘महिकावतीची बखर’ जिच्या नावावर आहे, ती महिकावती हेच माहीम, असे मानणाऱ्यांची इथे परंपरा आहे. ही बखर वि. का. राजवाडे यांनी संपादून १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश काळात तालुक्याचे नावच माहीम होते आणि कचेरीही इथेच होती. मुंबईहून सुरतेकडे जाणारी रेल्वे १८६० च्या दशकात किनाऱ्यापासून आत, पालघरवरून गेली, आणि मग कारभारही हळूहळू समुद्राकडून रुळांकडे सरकला. माहीमला राहिले ते कोट, देवळे आणि नागवेलीचे पानमळे. इथल्या विड्याच्या पानांनी दूर उत्तरेपर्यंतच्या बाजारात नाव मिळवले.

पालघरहून सातपाटीकडे जाताना शिरगाव लागते. रांगेतला हा सर्वांत देखणा कोट म्हणावा लागेल. आकाराने तो लहान, चौकोनी आहे, पण दरवाजा, देवड्या, तटावर नेणारे जिने आणि बुरूज एकमेकांना धरून उभे असल्यामुळे एका पाहणीत कोटाची सगळी मांडणी समजते. शाळेच्या मुलांना किल्ला शिकवायचा असेल, तर शिरगावसारखा नमुना नाही. तटावर पोर्तुगीज धाटणीची घुमटीदार टेहळणीची जागा आहे. तिथून समुद्र आणि माडांची किनार एका नजरेत येते. आवारात फांद्या फुटलेला ताड आहे. ताड सरळसोट वाढतो अशीच सर्वांची समजूत असते, त्यामुळे येणाऱ्यांची नजर आधी तिकडे जाते. लोक त्याला रावणताड म्हणतात.

असे कोट कोसळतात कसे, हेही शिरगावसारख्या ठिकाणी जवळून पाहता येते. दगड चुन्यात बसवलेले असतात. खारा वारा आणि पावसाळा चुना खात राहतात. सांधा मोकळा झाला की पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी त्यात पडते. पहिल्या वर्षी ते दोन पानांचे रोप असते, चिमटीने उपटता येईल असे. दहा वर्षांनी त्याचे मूळ मनगटाएवढे होते, आणि ते उपटायचे म्हटले तर सोबत भिंतच येते. घाईच्या डागडुजीत सांधे सिमेंटने भरले जातात, त्याने नुकसान वाढते. सिमेंट दगडापेक्षा कठीण असते आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. मग क्षार दगडातच साठतात आणि दगड पापुद्र्याने सुटू लागतो. म्हणून जुन्या तटाला चुनाच हवा, तोही भिजवून, मळून, मुरवलेला. हे काम सावकाशीचे आणि खर्चाचे आहे, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

जानेवारी १७३९ मध्ये रांगेतली उरलेली बहुतेक ठाणी थोड्याच दिवसांत मराठ्यांच्या हाती आली. माहीम, केळवे, शिरगाव अशी ठाणी घेत चिमाजी आप्पांची फौज उत्तरेकडे तारापूरला पोहोचली. तारापूर सहजासहजी पडले नाही. सुरुंग लावून तट फोडावा लागला आणि भगदाडातून हातघाईची लढाई झाली. पेशव्यांचे विश्वासू सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. ही ठाणी गेल्यावर वसईला उत्तरेकडून आधार उरला नाही, आणि मे महिन्यात वसईही पडली. वसईच्या विजयाचे स्मरण होते तेव्हा तारापूरचे नाव त्यात यायला हवे, कारण त्या विजयाची किंमत आधी इथे मोजली गेली.

पेशव्यांनी पुढे तारापूरचा कोट विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्याला इनाम दिला. या घराण्याची पेढी निजामाच्या राज्यात सावकारी करीत असे, आणि विकाजींचे भाऊ पेस्तनजी यांच्या नावाने औरंगाबादच्या टांकसाळीत ‘पेस्तनशाही’ रुपये पडले. याच घराण्याने तारापुरात अगियारी बांधली. ज्या तटावर सुरुंग फुटले, त्याच्या आत मग वाडी झाली आणि विहिरीवर माड-पोफळी वाढल्या. खाजगी मालकीमुळे तटाचे दगड बऱ्यापैकी जागेवर राहिले, पण पाहणाऱ्याला आत जाणे मात्र मालकाच्या संमतीवर राहिले.

तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी. तिथे कोटापेक्षा मोलाची वस्तू जमिनीत मिळाली. १९५० च्या दशकात इथे ताम्रपट सापडले. त्यांतल्या शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट पटात संजाणच्या प्रांताचा अधिकारी म्हणून मधुमती सुगतिप याचे नाव येते. ‘मधुमती’ हे मुहम्मदचे संस्कृत रूप. तो ताजिक, म्हणजे अरब होता, आणि त्याने एका मठिकेसाठी, म्हणजे छोट्या मठासाठी, दिलेल्या दानाची नोंद त्या पटात आहे. मठिकेची वास्तू आज उभी नाही. तांब्यावरची अक्षरे हेच तिचे स्मारक.

किनाऱ्यामागच्या डोंगरांत या रांगेची दुसरी फळी आहे. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा घाटातून काळदुर्ग चढता येतो. माथ्यावरचा चौकोनी कातळ लांबूनही ओळखू येतो. बोईसरजवळ वारंगडे गावावर आसावा आहे, तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. महामार्गाजवळच्या खोडकोन्यावरचा अशेरीगड सर्वांत महत्त्वाचा. जहाजबांधणीच्या सागवानासाठी भोवतालचे रान पोर्तुगीजांना हवे होते, म्हणून त्यांनी हा गड सोळाव्या शतकात धरला आणि मधला थोडा काळ सोडता १७३७ पर्यंत राखला. त्यांचे राजचिन्ह कोरलेला दगड गडावर अजून आहे. किनाऱ्यावरचे कोट बंदरे राखत होते आणि अशेरी त्या बंदरांतल्या जहाजांचे लाकूड. दोन्ही एकाच व्यवहाराची टोके होती.

या भागातल्या ओळखीच्या खुणा सगळ्याच तटबंदीच्या नाहीत. पालघर गावात पाचबत्तीच्या चौकात हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी चले जाव चळवळीतला मोर्चा तालुका कचेरीवर निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. ठाकूर, पागधरे, चुरी, मोरे आणि तेवारी अशी त्यांची आडनावे. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर ही त्यांची गावे. आसपासच्या गावांतले कोळी, शेतकरी, विद्यार्थी ज्या कचेरीवर चालून गेले, ती तोवर माहीमहून पालघरला आली होती. दरवर्षी १४ ऑगस्टला लोक या चौकात जमतात. स्तंभाला कायद्याचे संरक्षण असो वा नसो, इतकी अखंड निगा जिल्ह्यातल्या कुठल्याही तटाला मिळालेली नाही.

सर्वांत अलीकडची खूण तारापूरच्याच समुद्रावर आहे. भारतातले पहिले अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झाले. उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या आहेत, आणि त्या जातीच्या जगातल्या सर्वांत जुन्या भट्ट्यांमध्ये त्यांची गणना होते. थंड करण्यासाठी लागणारे पाणी समुद्रातून मिळते, म्हणून जागा किनाऱ्यावरची निवडली गेली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावांतली घरे, विहिरी, देवळे कुठल्याही यादीत नव्हती, आणि आता ती जमिनीवरही नाहीत. पहिल्या दोन भट्ट्यांच्या बाबतीत, १९५८ च्या कायद्यातली शंभर वर्षांची अट २०६९ मध्ये पूर्ण होईल.